बारावी बांगडी

प्रतिक्षाच्या डाव्या हातात अकरावी बांगडी बसली, बारावी नाहिदच्या चिमटीत होती, आणि तेवढ्यात मागून तो शब्द आला. "अगं मंजुळा, ही तर दोगली हाय." ओरडून नाही, भांडून नाही. दूध उतू चाललंय असं सांगावं इतक्या साध्या आवाजात शालूबाई बोलली. शालूबाई म्हणजे नवरीची आत्या. वारंगा फाट्याहून जीपनं आत्ताच आलेली, एक चप्पल काढलेली, एक अजून पायातच. बोलली ती भावजयीच्या कानात. पण नवरीचा चुडा भरताना बायका गप्प बसतात, ओसरीवर कूलरची घरघर आणि बांगड्यांची किणकिण एवढंच चाललं होतं, आणि त्यातली किणकिण थांबली. ती आपणच थांबवली हे नाहिदच्या जरा उशिरा लक्षात आलं. पंचवीस वर्षांत तिचा हात चुड्याच्या मध्यात कधी थांबला नव्हता. मांडीवर फडकं, फडक्यावर नवरीचा हात, साबणाच्या पाण्यानं ओला, मेंदीनं काळपट तांबडा. आणि तिच्या दोन बोटांत हिरव्या काचेची ती बारावी, सव्वादोनच्या मापाची. डाव्या हातात एकवीस चढायच्या होत्या, उजव्यात वीस. तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर शालूबाईचं तोंड दिसलं असतं, आणि तोंडाकडं बघायचं नाही असं आईनं शिकवलं होतं. हात बघायचा. हाताला जात नसते असं मात्र आई कधी म्हणाली नाही, कारण तिला ते खरं वाटत नव्हतं.

शब्द काही नवा नव्हता. नवा असता तर झटकून टाकता आला असता. जवळा बाजारला मामू फारुकनं तो पहिल्यांदा वापरला तेव्हा ती सहा वर्षांची होती. मामेबहिणीचं लग्न होतं, फोटोसाठी पोरं ओळीत उभी केलेली, नाहिद बरोबर मधे, चमचमणारा नवा फ्रॉक घालून, आणि मामू म्हणाला, "उस दोगली को बीच में नक्को खडा करो, बाजू में करो." ती बाजूला झाली. फोटोत तिचा अर्धा फ्रॉक आला आणि तोंड आलं नाही. घरी येऊन तिनं आईला अर्थ विचारला. मदीनाबी बाजाराची पेटी लावत होती, मापाप्रमाणे बांगड्या दोऱ्यात ओवत होती. "जिसके दो घर रहते, वो," ती म्हणाली आणि दोऱ्याला गाठ मारली. नाहिदला वाटलं, मग चांगलंच आहे की. एकाच घराची माणसं तिला बरेच दिवस बिचारी वाटायची. दुसरं घर म्हणजे कळमनुरीकडचा तांडा, बापाचा. रूपसिंग राठोड काळी-पिवळी जीप चालवायचा, बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बायका जवळ्याला आणून सोडायचा आणि त्या बांगड्या भरून होईपर्यंत मदीनाबीच्या पालासमोर बोनेटवर बसून राहायचा. किती दिवस बसला ते त्यालाच माहीत. शेवटी दोघं हिंगोलीला येऊन राहिले, ना निकाहवाल्यांना विचारून ना तांड्याच्या नायकाला. तांडा आणि बांगडीवाल्यांची मनियार गल्ली यांचं कुठल्याच बाबतीत कधी जमलं नाही, ना जेवणाच्या ना देवाच्या. पण नाहिद जन्मल्यावर तिला काय म्हणायचं यावर दोन्हीकडची माणसं एकदिल झाली. तिच्यामुळं झालेली तेवढी एकच एकी.

प्रतिक्षाची बोटं तिच्या तळव्यात जराशी हलली. घामेजली होती. वैशाखातली दुपार, हात असा धरून ठेवला तर सुजायला लागतो, आणि सुजलेल्या हातात सव्वादोनची बांगडी घालणं म्हणजे अंगठ्याच्या सांध्याशी मारामारी. तांड्यावर असाच एक सुजलेला हात होता. आजी पारुबाईचा. दंडापर्यंत पांढऱ्या बलया, लग्नापासूनच्या, कधी न उतरवलेल्या. आणि म्हातारपणी काविळीनं अंग सुजलं, बलया मांसात रुतल्या, दवाखान्यातल्यांनी कापायची गोष्ट काढली तर म्हातारी हात छातीशी धरून ओरडायला लागली. मग बारा वर्षं जिला तांड्याची वेस ओलांडू दिली नव्हती त्या मदीनाबीला निरोप आला. आईनं एक शब्द विचारला नाही. पेटी नको होती तरी पेटी घेतली, नाहिदला घेतलं, आणि रूपसिंगच्याच जीपनं गेली. तेल, साबण, पातळ प्लास्टिकची पिशवी, आणि तासभर एकेक बलय, एकही न मोडता. म्हातारीच्या दंडावरचे पांढरे वळ नाहिदनं कोमट पाण्यानं पुसले. पारुबाईनं डोळे उघडले, सुनेचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हात चांगला हाय तुझा." मग नाहिदकडं पाहून, तशीच, माया आटू न देता, "पर दोगली ती दोगलीच." परतीच्या वाटेवर रूपसिंग रडला. आई रडली नाही. ती खिडकीतून सोयाबीनची रानं बघत होती, आणि नाहिदला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा शब्द राग आला म्हणून वापरत नाहीत.

तेव्हापासून तिनं त्या शब्दाचा अभ्यासच केला म्हणायला हरकत नाही. अर्थाचा नाही, अर्थ काय, हिंगोलीच्या वाचनालयात पंधराव्या वर्षी जाड कोश काढून तिनं पाहिला होता: दोन वंशांचं. त्याच्याच शेजारी, पाटाला पाट लावून बसवल्यासारखं, बेइमान. पहिलं ती होती. दुसरं तिच्या शेजारी कुणी आणून बसवलं, हे कोशात दिलेलं नव्हतं. तिला खरा छंद लागला तो वापराचा. बांगडी हवी असते तेव्हा हा शब्द कुणी वापरत नाही. सणाला, डोहाळजेवणाला, बारशाला ती नाहिदबी असते, नाहिदमावशी असते, 'आमची मनियारीण' असते. शब्द बाहेर निघतो तो काही द्यायची वेळ आली की: फोटोत जागा, पंगतीत पाट, पोरगी. दोनदा तिला पाहायला आले, एकदा इकडचे, एकदा तिकडचे, आणि दोघांनीही जाताना सांगितलं की हिला तिकडं द्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जातीच्या रकान्यावर पेन धरून रूपसिंगकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, सध्या कोरंच ठेवू. ते सध्या अजून चाललंय. ती एकोणचाळीसची झाली. आईबाप दोन वर्षांच्या अंतरानं गेले, एक इकडं पुरली, एक तिकडं जाळला, आणि दोन्ही ठिकाणी तिला लांब उभं राहायला सांगितलं. राहिला तो हात. गांधी चौकातलं दोन फळ्यांचं दुकान आणि हा हात. यातच तिला कुणी रकाना विचारला नव्हता.

"मी काय म्हनते," मागं शालूबाईचं चालूच होतं, आता कुजबूज सोडून, "पोरीचा जन्माचा चुडा हाय. साखरपुड्याच्या बांगड्या आसत्या तर मी बोलले नसते. हिचा बाप तांड्यावरचा, माय मनियारीण. धड एक आसती तर चाललं आसतं. मनियारणीच्या हातच्या आपन घालतोच की. पर ही कोन?"

"वन्सं, हळू," मंजुळाबाई म्हणाली. नवरीची आई, सकाळपासून पायाला भिंगरी, पाहुण्यांच्या चहाचा टोप अजून हातात. "आमाला न्हाई ठाऊक व्हतं."

हे खोटं होतं. मंजुळाबाईच्या स्वतःच्या चुड्याला मदीनाबी आली होती, पेटी धरायला नऊ वर्षांची नाहिद, आणि जीपमध्ये रूपसिंग. जेवायला तिघांना एकच ताट दिलं होतं. नाहिदला त्या ताटातलं वरण आठवलं, आणि मंजुळाबाईचा तेव्हाचा हात, भिजवलेल्या कणकेसारखा मऊ, एकही बांगडी अडली नव्हती. त्या हाताला सगळं ठाऊक होतं. तिला मंजुळाबाईचा राग आला नाही, आला तो स्वतःचा, की या बाईकडून आपण काहीतरी धरून चाललो होतो. आणि मग त्या रागाच्या मागून भीती आली, अगदी हिशेबी, कोरडी. उद्या इथं पाच गावच्या बायका जमणार. शालूबाई जेवणाच्या पंगतीत हेच सांगणार, याच साध्या आवाजात. परवापासून या नरसी रस्त्यावरच्या गावांतली एकही बाई आपल्या पोरीचा हात नाहिदच्या मांडीवर ठेवणार नाही. दुकानात येतील, फॅन्सी कडी नेतील, पण चुडा नाही. आणि चुडा गेला म्हणजे हात गेला. मग तिच्यापाशी तो शब्दच काय तो उरणार.

शालूबाईनं मोबाइल काढला. "विश्वंभर कासाराला लावते. हिंगोलीहून यायला किती येळ लागतो?" लावलाही, आणि कानाला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा करून समोर धरला. विश्वंभरचं दुकान नाहिदच्या समोर. सात वर्षांपूर्वी तिनं फळ्या टाकल्या तेव्हा हाच म्हातारा रस्त्यावर उभा राहून, चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला होता की आता दोगल्याही चुडे भरायला लागल्या. तेव्हापासून दोघं एकमेकांची शटरं उघडताना बघतात आणि बोलत नाहीत. नाहिदनं डोळे मिटले. तो येणार. आनंदानं येणार, रिक्षा करून येणार.

"येतो की," फोनमधून आवाज आला. "किती बायकांच्या भरायच्या हायत?"

"बायकांचं मागून बघू. नवरीचाच चुडा हाय. समद्या न्हाई, थोड्या भरल्यात अगुदर."

"कुनी भरल्या?"

"आता काय सांगू. तुमच्या समोरच बसती ती."

पलीकडं खोकला. "किती चढल्या?"

शालूबाईनं प्रतिक्षाच्या हाताकडं पाहिलं, ओठ हलवत मोजल्या. "अकरा."

"हात सोडला का तिनं?"

ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी नाहिदच्या मांडीकडं पाहिलं. नवरीचा पंजा तिच्या डाव्या मुठीत होता. सोडलेला नव्हता. तिला स्वतःलाही हे आत्ता कळलं. इतका वेळ ती तांड्यावर गेली, जवळ्याला गेली, वाचनालयात जाऊन आली, पण मूठ सैल पडली नव्हती. आई म्हणायची, हाथ पकडे तो आखरी चूडी तक छोडना नै, बेटी. घर जल गया तो बी नै. आई चुडा भरत असताना एकदा मांडव पेटला होता म्हणे, आणि मदीनाबी नवरीला तशीच, हात न सोडता, बाहेर घेऊन गेली होती आणि रस्त्यावर बसून उरलेल्या भरल्या होत्या.

"न्हाई सोडला," मंजुळाबाई म्हणाली.

"मंग मला काहून बोलावता? धरलेला चुडा मी घेत न्हाई. माझा बाप घेत नव्हता."

"अवो पर ती दोगली हाय," शालूबाई म्हणाली.

"मला काय सांगता? रोज तोंड बघून राहिलो मी तिचं. तिच्यासाठी न्हाई बोलून राहिलो. चुडा तिचा हाय. एकाचा हात, एकाचा चुडा. ठिवतो." आणि ठेवला.

नाहिदला हसू येईल असं वाटलं, आलं नाही. हा म्हातारा तिला आत्ता उपकारात बांधून गेला की नाही, हे तिला कळेना. बहुतेक नाही. त्यानं तिच्यासाठी काही केलं नव्हतं, त्यानं फक्त तिला मोजलं होतं, बाकीच्या चुडा भरणाऱ्यांना मोजतो तसं. पण उभ्या आयुष्यात कुणी तिला असं रांगेत मोजलेलं तिला आठवेना, आणि त्यामुळं तोंडाशी एक उत्तर येऊन राहिलं. ते तिनं गिळलं नाही. गिळायचं आईनं. आई हा शब्द ऐकायची आणि पुढची बांगडी चढवायची, जणू काही पाऊसच पडतोय बाहेर. तीस वर्षं. प्रत्येक बांगडीमागं एक गिळलेला शब्द असला तर या तालुक्यातल्या बायकांच्या हातात काचेपेक्षा मदीनाबीचं गप्प राहणंच जास्त किणकिणत असेल.

"मंग उतरवा त्या अकरा," शालूबाई म्हणाली. तिचा आवाज आता साधा राहिला नव्हता. "नव्यानं भरू."

"उतरवा?" टोप खाली ठेवला गेला. मंजुळाबाईच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "वन्सं, उद्या अक्षदा हायत पोरीच्या डोक्यावर. आज हातातली बांगडी उतरवू?"

बायकांच्या नजरा फिरल्या, शालूबाईवरून नाहिदवर, आणि त्यात आता एक निराळीच विनवणी होती: भर बाई, झालं गेलं सोड, भर. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "चालू दे माय. म्हनायची गोष्ट आसती." नाहिदनं बारावी बांगडी फडक्यावर ठेवली. हात मात्र धरलेलाच. तिला माहीत होतं ती काय करतेय. या क्षणाला या घरातलं लग्न तिच्या डाव्या मुठीत होतं, आणि पंचवीस वर्षांत तिच्या मुठीत कधी काही नव्हतं.

"मावशी," प्रतिक्षा हळूच म्हणाली. नांदेडला नर्सिंग शिकणारी पोरगी, तिचा स्वतःचा हात रोज दुसऱ्यांच्या नाडीवर असायचा. "मुंग्या यायल्यात हाताला."

"ठाऊक हाय, लेकरा. जरा सोस." नाहिदनं तिच्या बोटांची पेरं चोळली, एकेक, खालून वर. मग पहिल्यांदा मान वळवली आणि तोंडाकडं पाहिलं. शालूबाईचं तोंड तिला वाटलं होतं तसं नव्हतं. दमलेलं होतं, उन्हानं रापलेलं, थोडंसं घाबरलेलंही. तरी ती थांबली नाही. "आत्याबाई, तुमी जे बोललात त्याचा अर्थ सांगा. मंग बारावी चढवते."

"अर्थ काय सांगायचा? समद्यांना ठाऊक हाय."

"मला न्हाई. सहा वर्षांची होते तवापासून विचारून राहिले, कुनी पुरा सांगत न्हाई."

"दोन जातीची," शालूबाई म्हणाली. तिला थांबता आलं असतं, पण एवढ्या बायकांसमोर माघार कशी घ्यायची म्हणून पुढं म्हणाली, "ना इकडची ना तिकडची."

"पहिलं बराबर हाय." स्वतःचा आवाज नाहिदला ओळखीचा वाटला, बापाचा होता, जीपमधून भाड्यासाठी हाका मारायचा तो. "दुसरं चूक हाय. मी इकडची बी हाय अन् तिकडची बी. जवळ्याची हाय, तांड्याची हाय. तुमी एका घरच्या, म्हनून तुमाला मोजता येत न्हाई, त्याला मी काय करू? म्हना मला दोगली. मी न्हाई म्हनत न्हाई. पर अर्धं म्हनायचं न्हाई, अन् मागून म्हनायचं न्हाई." एवढं ती आयुष्यात एका दमात कधी बोलली नव्हती. उत्तराची वाट न बघता तिनं बांगडी उचलली, प्रतिक्षाचा अंगठा तळव्यात दुमडला, सांधा दाबला, आणि बारावी एका दमात मनगटावर आली. तेरावी. चौदावी. सुजलेला हात होता, विसाव्या बांगडीला पोरीनं ओठ दाताखाली धरला, पण काच वाजली, तडकली नाही. उजवा हात त्याहून सोपा गेला. एकेचाळीसच्या एकेचाळीस, एकही न वाढवता. तेव्हा कुठं तिनं हात सोडला आणि स्वतःची बोटं उघडमीट करून पाहिली.

नवरीनंतर मान आत्याचा. तशी रीतच आहे, आणि त्या घरच्या सगळ्या बायकांनी त्या दिवशी एकाच हातच्या घालायच्या, हीही. शालूबाई जागची हलेना. मग मंजुळाबाईनंच तिच्या खांद्याला हात लावला, आणि ती आली, बसली, फडक्यावर हात ठेवला. कडक हात होता. कापूस वेचून चिरलेली बोटं, अंगठ्याच्या मुळाशी जुनं मोडलेलं हाड. असल्या हातात काच पिचवायला काहीच लागत नाही. जरा अंगठा तिरका धरायचा. नाहिदच्या मनात ते आलं, आलं नाही असं नाही. तिनं साबणाचं पाणी जास्त घेतलं. मोडलेल्या हाडावरून प्रत्येक बांगडी वाकडी करून, फिरवून, हळू नेली. सहा या हातात, सहा त्या हातात. शालूबाई दुसरीकडं बघत होती, पण हात ढिला सोडला होता तिनं. हाताला कळतं, कुणाच्या हवाली व्हायचं ते. "कुनी विचारलं तर सांगा," नाहिद म्हणाली, "दोगलीच्या हातच्या हायत म्हनून. नाव बी सांगा. नाहिद रूपसिंग राठोड, मदीनाबीची."

आता एकच राहिलं होतं. बांगड्या भरल्या की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, मग ती वयानं लहान असो, कुणाचीही असो. त्याशिवाय बांगड्या हाताला लागत नाहीत. मदीनाबीनं हा नमस्कार कधी पुरा होऊ दिला नाही. बाई वाकायला लागली की ती लगेच मधेच तिचे खांदे धरायची, राहू द्या बाई, राहू द्या, अल्ला खुश रखो. नाहिदही तेच करत आली होती, अगदी मघाशी प्रतिक्षालाही तिनं तसंच अर्ध्यातच उचललं होतं. शालूबाईनं पदर डोक्यावर घेतला. एकदा सगळ्या बायकांकडं पाहिलं. मग वाकली, हळूहळू, मधे थोडी रेंगाळत, खांद्यावर हात येईल म्हणून. नाहिदनं दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले. खाली फरशीवर बारा बांगड्या वाजल्या, आणि नाहिदनं तिला मधेच धरलं नाही.